उपचारक लस, पहिला टप्पा आणि संमतीचा प्रश्न

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका गावी अभ्यासवर्गात आरोग्याच्या प्रश्नावर बोलत होतो. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. आपल्या आजाराविषयी त्या या मंडळींत मोकळेपणी बोलतात. दहाएक वर्षे ए.आर.टी.च्या गोळ्या घेत आहेत. त्यांनी विचारले, "सर, आमच्यासाठी लस निघाली म्हणतात. मग ह्या गोळ्या बंद होणार का?" मी उत्तर देण्याआधीच बी.ए.च्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "लस कसली मावशी, प्रयोग असतो तो. आपल्यावर करून बघायचं, आणि फायदा तिकडच्यांना." सभेत हशा झाला. बाई मात्र हसल्या नाहीत.

दोघांच्याही म्हणण्यात काही खरे होते आणि काही खोटे. त्याची नीट फोड त्या दिवशी मला करता आली नाही. ती येथे करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. लस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते रोग होण्यापूर्वी निरोगी माणसाला, बहुधा लहान मुलाला, टोचले जाणारे औषध. देवी, पोलिओ, गोवर. ही प्रतिबंधक लस होय. उपचारक लस निराळी. विषाणू ज्याच्या शरीरात अगोदरच शिरला आहे त्यालाच ती टोचायची आणि त्याच्या शरीराने त्या विषाणूशी अधिक चांगली झुंज द्यावी अशी व्यवस्था करायची. कल्पना नवी नाही. १८८५ साली लुई पाश्चरने पिसाळलेले कुत्रे चावल्यानंतर जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. पाच वर्षांनी, १८९० साली, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयावर औषध सापडल्याचे जाहीर केले. ट्युबरक्युलिन त्याचे नाव. ते कशापासून केले हे त्याने सुरुवातीला गुप्त ठेवले. युरोपभरचे क्षयरोगी बर्लिनला लोटले. औषधाने कोणी बरे झाले नाही. काहींचा आजार उलट बळावला, काही दगावले. आज ते ट्युबरक्युलिन हातावर टोचून करायच्या चाचणीपुरते उरले आहे. उपचारक लसीच्या इतिहासाच्या दारातच ही दोन माणसे उभी आहेत, आणि जगाला पाश्चर जेवढा आठवतो तेवढा कॉखचा हा पराभव आठवत नाही.

आता विषाणूकडे वळू. एच.आय.व्ही. हा रक्तातल्या सी.डी. ४ नावाच्या पेशींत शिरतो. शरीराच्या संरक्षणदलाला हुकूम देणाऱ्या या पेशी. म्हणजे चोर फौजदाराच्याच घरी बिऱ्हाड करतो. तेवढ्यावर तो थांबत नाही. तो आपली आनुवंशिक लिपी त्या पेशीच्या लिपीत मिसळून टाकतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. विषाणू तयार करीत नाहीत, म्हणून औषधाच्या तावडीत सापडत नाहीत आणि संरक्षक पेशींना ओळखूही येत नाहीत. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. या गोळ्या विषाणूची नवी पैदास थांबवतात, रक्तातले त्याचे प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली आणतात. असे प्रमाण टिकून राहिले तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हेही आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. पण निपचित पेशींचा तो साठा शिल्लकच राहतो. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत येतो.

उपचारक लसीला जे साधायचे आहे ते एवढेच : संरक्षणदलातल्या मारक टी पेशींना विषाणूच्या नेमक्या खुणा शिकवायच्या, म्हणजे गोळ्या थांबल्यावर तो डोके वर काढील तेव्हा त्या त्याला दाबून ठेवतील. विषाणू समूळ नाहीसा करणे हे तिच्या एकटीचे काम नव्हे. त्या बाईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथेच आहे. आजमितीस जगात कोठेही अशी एकही लस उपचारासाठी मंजूर झालेली नाही. गोळ्या बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मग जे चालू आहे ते काय? ते आहेत प्रयोग, आणि त्यांतले बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यांतले. पहिल्या टप्प्यात विसापासून ऐंशीपर्यंत माणसे घेतात. प्रश्न विचारायचा असतो तो लस सोसते की नाही, किती मात्रा सोसते, ताप-सूज यांपलीकडे काही होते का, एवढाच. जोडीला रक्त तपासून संरक्षक पेशी जाग्या झाल्या का ते पाहतात. काहींना खरी लस, काहींना नुसते खारे पाणी; कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसते. माणसाला बरे करणे हा पहिल्या टप्प्याचा हेतूच नसतो. हे वाक्य संमतीच्या कागदावर छापलेले असते. पण समोर पांढरा कोट, हातात सुई, आणि तोच डॉक्टर आपला नेहमीचा औषधोपचार करणारा. तेव्हा ते वाक्य वाचूनही मनात उतरत नाही. डॉक्टर सुई टोचतो ती बरे करण्यासाठीच, असा आपल्या पिढ्यांचा अनुभव आणि त्याहून मोठी आपली आशा. प्रयोगाला उपचार समजण्याची ही चूक अडाणी माणूसच करतो असे नव्हे. शिकलेलेही सर्रास करतात.

आणि डॉक्टरही करतात. अमेरिकेत १९९१ साली जीपी १६० नावाच्या लसीचा पहिल्या टप्प्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ३० बाधित स्वयंसेवकांपैकी १९ जणांच्या शरीराने लसीला प्रतिसाद दिला होता. प्रतिसाद दिला, म्हणजे रक्ताच्या तपासणीत काही आकडे हलले. आयुष्य वाढले असे नव्हे. पण एवढ्या भांडवलावर १९९२ मध्ये त्या लसीच्या मोठ्या चाचणीसाठी अमेरिकन काँग्रेसने संरक्षणाच्या अंदाजपत्रकात दोन कोटी डॉलर घातले. त्यामागे कंपनीने उभा केलेला दबाव होता, शास्त्रज्ञांची शिफारस नव्हती, आणि त्यावरून त्या देशात वादळ उठले. पुढे ६०८ जणांवर झालेल्या चाचणीत त्या लसीचा रुग्णाला काहीही लाभ दिसला नाही.

पोलिओच्या लसीमुळे घरोघर नाव पोचलेला योनास सॉल्क यानेही म्हातारपणी याच कामात उडी घेतली. १९८७ साली त्याने मांडणी केली की, बाधित व्यक्तींनाच मारलेल्या विषाणूची लस द्यावी. तिचे नाव रेम्यून. सॉल्क १९९५ मध्ये वारला. पुढच्या वर्षी २,५२७ लोकांवर शेवटच्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. १९९९ मध्ये ती मध्येच थांबवण्यात आली, कारण लस मिळालेले आणि न मिळालेले यांच्या आजारपणात व मृत्यूत फरक दिसेना. यानंतर जे घडले ते मला लसीच्या अपयशापेक्षा मोठे वाटते. संशोधकांनी हा निकाल २००० साली छापला, तेव्हा कंपनीने त्यांच्या विद्यापीठावर ७० लाख ते १ कोटी डॉलरचा दावा लावला. माणसांनी आपले दंड पुढे केले, वर्षानुवर्षे रक्त दिले. त्यांच्या रक्तातून निघालेले उत्तर छापायचे की नाही हे कोण ठरवणार, असा तो झगडा होता. फसलेला प्रयोग लपवला की त्यात भाग घेणाऱ्यांचा त्याग अक्षरशः मातीत जातो, आणि तीच लस दुसऱ्या नावाने दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या गरिबाला टोचायला वाट मोकळी राहते. म्हणूनच आपल्या देशात १५ जून २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची सार्वजनिक नोंद आधी करणे बंधनकारक झाले, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. ती नोंदवही कोणालाही पाहता येते.

आता सर्वांत अवघड जागा. लसीने विषाणूला दाबले की नाही हे कळायचे कसे? गोळ्या चालू असताना विषाणू दबलेलाच असतो. त्यामुळे एकच मार्ग उरतो : डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवायच्या आणि वाट पाहायची. म्हणजे आयुष्यभर "एक दिवससुद्धा चुकवू नका" असे ज्या माणसाला बजावले, त्यालाच सांगायचे की आता घेऊ नका. गोळ्या थांबवण्यात धोका आहे हे तर्काने नव्हे, मोजून सिद्ध झाले आहे. ५,४७२ लोकांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, उपचार मध्येमध्ये थांबवणाऱ्यांत आजार आणि मृत्यू अधिक आढळले. २००६ साली तो अभ्यास त्या कारणाने रोखावा लागला. लसीच्या प्रयोगांत खंड लहान असतो, रक्त दर आठवड्या-दोन आठवड्यांनी तपासतात, ठरलेली मर्यादा ओलांडताच गोळ्या पुन्हा सुरू होतात. तरी विषाणू परत आला की तो जोडीदारापर्यंत पोचू शकतो. युरोपमधल्या अशा प्रयोगांच्या काळात जोडीदाराला लागण झाल्याच्या घटना नोंदवल्या गेल्या आहेत. त्या जोडीदाराने तर कोठेच सही केलेली नव्हती. लस उलटी पडण्याचीही शक्यता असते. फ्रान्समध्ये ॲल्व्हॅक जातीच्या एका लसीच्या प्रयोगाचा निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांच्या रक्तात विषाणू न घेतलेल्यांपेक्षा जास्त उसळला होता आणि त्यांना गोळ्याही लवकर सुरू कराव्या लागल्या होत्या.

एवढे सगळे असून मी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने पूर्ण उभा राहू शकत नाही. कारण बार्सिलोनाजवळ बादालोना येथे २०१७ मध्ये सुरू झालेला प्रयोग. लागण झाल्याबरोबर लवकर उपचार सुरू केलेल्या ४५ जणांना त्यात घेतले. विषाणूचे जे भाग बदलले तर विषाणू स्वतःच दुबळा होतो, नेमके तेच भाग निवडून ती लस बनवली होती. पुढे ४१ जणांनी गोळ्या थांबवल्या. ज्यांना जन्मतः अनुकूल जनुके लाभली आहेत अशांना हिशेबातून वगळले, तर लस मिळालेल्या २० पैकी ८ जण बावीस आठवड्यांनंतरही गोळ्यांविना राहू शकले. खारे पाणी मिळालेल्या १२ पैकी १. निकाल २०२२ मध्ये छापून आला. आकडे लहान आहेत, वगळावगळ केलेली आहे, पूर्ण बरा कोणीही झालेला नाही. पण वाट अगदीच बंद नाही, असे म्हणण्याइतपत ते पुरेसे आहे.

आणि आता उलटा प्रश्न विचारतो. त्या ४५ जणांत बहुतेक सर्व पुरुष होते. जगात एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. युरोप-अमेरिकेत विषाणूची 'बी' ही जात प्रामुख्याने आढळते; भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत 'सी'. तिकडच्या पुरुषांच्या रक्तावर पारखलेली लस सातारच्या किंवा सांगलीच्या बाईला लागू पडेल हे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे सुमारे २५ लाख माणसे या विषाणूसह जगतात आणि राज्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी आहे. आमच्यावर प्रयोग करू नका, असे म्हणून दार लावून घेतले, तर आमच्यासाठी औषधही तयार होणार नाही. पाणवठ्यावरून हाकलले जाणे आणि पाणवठा खणायला फुकट राबवले जाणे, हे दोन्ही अन्याय आम्हाला माहीत आहेत. तेव्हा प्रश्न प्रयोग हवा की नको असा नाही. कोणत्या अटींवर, हा आहे.

अटींचा इतिहास रक्ताने लिहिला गेला आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे १९३२ पासून ३९९ गरमीग्रस्त कृष्णवर्णीय माणसांना, बहुतेक कूळवाल्यांना, औषधाविना नुसते पाहत ठेवले. पेनिसिलीन हाताशी आल्यावरही दिले नाही. १९७२ साली वर्तमानपत्राने ते उघडकीस आणले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपल्याकडे दूर जायचे कारण नाही. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे त्याचे मोठेपण. पण पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर झाली. ते स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. कोठडीच्या आत स्वेच्छा म्हणजे काय, हे नोंद सांगत नाही. भारतात एच.आय.व्ही. आहे हे १९८६ मध्ये सिद्ध झाले तेही मद्रासच्या सुधारगृहात डांबलेल्या, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तावरून. निर्मला सेल्लप्पन आणि सुनीती सोलोमन यांचे ते काम महत्त्वाचे होते, त्याने असंख्य जीव वाचले. त्या स्त्रिया मात्र त्या इतिहासात केवळ नमुने म्हणून उरल्या. आणि २००९ मध्ये खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस आदिवासी मुलींना देताना कितीतरी संमतीपत्रांवर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या लसीत दोष होता असे नव्हे. जगभर ती उपयोगी ठरली आहे. लस चांगली असली म्हणून सही खरी होत नाही.

यावर पहिला संघटित जबाब बाधितांनीच दिला. १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे जमलेल्या एड्सग्रस्तांनी जाहीर केले की, आम्हाला बळी म्हणू नका, नुसते रुग्णही म्हणू नका; आम्ही एड्ससह जगणारी माणसे आहोत आणि आमच्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात आम्ही बसणार. दुसऱ्यांनी ठेवलेली नावे झुगारून स्वतःचे नाव स्वतः घेणे काय असते, हे या अंकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. वैद्यकीय जगाची हेलसिंकी येथली सनद मात्र ज्यांच्यावर संशोधन होते त्यांना 'सहभागी' म्हणायला २०२४ साल उजाडेपर्यंत थांबली.

आपल्या देशाचा कायदा आज काय सांगतो? एच.आय.व्ही.विषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी, उपचार वा संशोधन करता येत नाही. २०१९ च्या औषधचाचणी नियमांप्रमाणे, वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत तटस्थ साक्षीदार हजर पाहिजे. सही केलेल्या कागदाची प्रत सहभागी व्यक्तीला दिलीच पाहिजे. नीतिसमितीत निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे हवेत, एक सामान्य नागरिक हवा, एक तरी स्त्री हवी. या सामान्य नागरिकाच्या खुर्चीत कोण बसते हे आपल्या शहरात जाऊन कोणी विचारले आहे काय? शिक्षकांनी, वकिलांनी ही खुर्ची मागून घ्यावी.

नुकसानभरपाईचे सूत्रही नियमांत दिले आहे. मूळ रक्कम आठ लाख. ती वयाच्या आणि धोक्याच्या गुणकांनी गुणून मृत्यूची भरपाई ठरते. पगाराचा त्यात संबंध नाही. हमालाचा आणि प्राध्यापकाचा जीव सारख्या मोलाचा, हे मान्य करणारे सरकारी सूत्र विरळाच. पण दुसरा गुणक पाहा : निरोगी माणसाला ४, मरणासन्न माणसाला अर्धा. आजार जितका जड तितकी भरपाई हलकी. बादालोनाच्या प्रयोगातले लोक तब्येतीने धडधाकट होते. क्षय होऊन गेलेली, सी.डी. ४ कमी असलेली, आमच्या वस्तीतली बाई या गुणकात कोठे बसवली जाईल?

त्या बाईंना मी नंतर भेटलो. केंद्राच्या संमतीपत्राचा सरकारी नमुना बरोबर नेला होता. तो वाचून दाखवला. नव्या औषधरेणूंच्या चाचण्यांत दुर्बल गटातल्या सहभागींच्या संमतीची प्रक्रिया चित्रमुद्रित करावी लागते, पण एच.आय.व्ही. आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी चेहरा दिसू नये म्हणून फक्त आवाज मुद्रित करतात, हे ऐकून त्यांना बरे वाटले. "हे कोणीतरी विचार करून केलंय," म्हणाल्या. पुढचे रकाने : पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न. उत्पन्न कशाला, असे त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. शेवटचा रकाना वारसाचे नाव आणि पत्ता, मृत्यू झाल्यास भरपाईसाठी.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, त्या ओळीवर बोट ठेवले. "मुलाचं नाव लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्याला अजून सांगितलेलं नाही."